रेडिएटर खालापुरात, पाणी कर्जतला

डबकं एक फूट नऊ इंच लांब आणि एक फूट दोन इंच रुंद होतं. हे माप अंदाजाचं नव्हतं. पद्माकरनं ते फूटपट्टी लावून घेतलं होतं आणि त्यासाठी संध्याकाळी साडेपाच वाजता, पांढऱ्या पँटसकट, तो रेंजरसाहेबांच्या गाडीखाली पालथा पडला होता. आळीतल्या लोकांनी ते पाहिलं. समोरच्या चंद्राबाईंनी तर सुनेलाही बाहेर बोलावून घेतलं.

सन चौऱ्याहत्तर, फेब्रुवारीचा शेवट. पाऊस जाऊन चार महिने झाले होते. कर्जतच्या अंगणांत सडा घातला तरी पाच मिनिटांत जमीन कोरडी व्हायची, अशा दिवसांत उभ्या गाडीखाली पाणी साचावं याला काहीतरी कारण असलंच पाहिजे, आणि ते आपल्याला सापडलंच पाहिजे, असं पद्माकरला वाटलं. तो बी.एस्सी. होता, रसायनशास्त्र घेऊन. खालापूरच्या शाळेत शास्त्र शिकवायचा; सकाळी सातच्या एस.टी.नं जायचा आणि साडेपाचला परत. घरी तो आणि आई अंबूबाई, दोघंच.

कारण सापडणं निकडीचं होतं, कारण गाडी त्याची नव्हती. ती शेजारच्या कुंटे रेंजरांची. जंगलखात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक राखाडी, पाठीमागून गोलसर, जुनी विलायती गाडी घेतली होती, आणि ती उभी करायला दोन घरांमधल्या अंगणातली जांभळ तोडली होती. तीस वर्षं लोकांना झाडं तोडल्याबद्दल दंड करण्यात गेली. हे एक झाड त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवलं असावं. मुलीच्या बाळंतपणासाठी ते नवराबायको नागपूरला निघाले तेव्हा त्यांनी किल्ली पद्माकरच्या हातात दिली.

"तिसऱ्या दिवशी दहा मिनिटं इंजिन चालू करायचं. गाडी हलवायची नाही. कुणाला हात लावू द्यायचा नाही. तुम्ही शास्त्राचे माणूस, म्हणून तुमच्या स्वाधीन करतोय. पाडव्याला येतो. ठेवली तशी मिळाली पाहिजे."

गाडी न हलवण्याची अट पाळणं पद्माकरला सोपं होतं. त्याला गाडी चालवता येत नव्हती.

त्यानं वही घातली. तारीख, वार, लांबी, रुंदी, खोली, शेरा. आठवड्याभरात एक गोष्ट स्पष्ट झाली: सोमवार ते शनिवार रोज पाणी, रविवारी कोरडं ठणठणीत. गेल्या रविवारी तर तो सकाळपासून ओट्यावर वही घेऊन बसला होता आणि गाडीनं एक थेंब टाकला नाही. साप्ताहिक सुटी पाळणारी गाडी त्याच्या अभ्यासक्रमात नव्हती. दुसरी अडचण जागेची. रेडिएटर गाडीच्या तोंडाशी आणि डबकं मधोमध, थोडं मागच्या चाकांकडेच. त्यावर त्यानं बाटलीत पाणी भरून अंगणाचा उतार मोजला. उतार मागच्या बाजूला होता, वीस फुटांत दोन इंच. म्हणजे पाणी पुढे गळतं आणि मागे येऊन साचतं. पाणी येताना वाटेत जमीन ओली का करत नाही, या प्रश्नापुढे त्यानं "तपासणे" असं लिहिलं.

"अरे पदू, मी काय म्हणते—" अंबूबाई दारातून म्हणाल्या.

"आई, थांब. मोजतोय."

त्या आत गेल्या.

मोजमाप असं गुप्तपणे चालणं आळीत शक्य नव्हतं. पहिले आले नागूअण्णा. रेल्वेतले निवृत्त इंजिन ड्रायव्हर. बोरघाट चढताना गाड्यांना मागून इंजिन लावतात, त्या इंजिनावर त्यांची हयात गेली होती. त्यामुळे जगातल्या कुठल्याही यंत्राकडे ते मागूनच बघायचे. तंबाखूला चुना लावत त्यांनी गाडीला एक फेरी घातली.

"पाणी गळतं म्हणतोस?"

"रोज. रविवार सोडून."

"गळणारच. जे गळत नाही ते इंजिनच नव्हे. वीज यायच्या आधी आमचं वाफेचं इंजिन घाटात एवढं गळायचं की रुळांच्या मधे अळू उगवलं होतं. चव घेतलीस?"

"कशाची?"

"पाण्याची! बॉयलरचं पाणी मचूळ लागतं. पहिलं काम चव."

पद्माकरला पद्धत अगदीच चुकीची वाटली नाही. त्यानं बोट बुडवून जिभेला लावलं. मातीची चव आली. नागूअण्णांनी मान डोलावली, जणू ते तेच म्हणत होते.

चंद्राबाईंचं मत वेगळं होतं. "जांभळीचं पाणी आहे हो ते. झाड तोडलं, मुळं कुठं तोडली? ती अजून पाणी ओढतायत. प्यायला कुणी नाही, म्हणून वर येतं." यावर पद्माकरनं त्यांना मुळं, खोड, पानं आणि बाष्पीभवन हे दहा मिनिटं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तेच म्हणते मी. पानं नाहीत, म्हणून तर वर येतं." यातली चूक शोधायला पद्माकरला दुसऱ्या दिवशी खालापूरपर्यंतचा प्रवास लागला.

चंद्राबाईंनीच नळवाल्या गजाला निरोप धाडला. गजा आला, त्यानं जमिनीला कान लावला आणि खालून नळ जातो असं सांगितलं. जातो की फुटलाय? ते खणल्याशिवाय कळणार नाही. मग खण! तर खणायला वरची गाडी हलवायला हवी, गाडी हलवायला मालकाची लेखी परवानगी हवी, आणि मालक नागपूरला.

"अर्ज करा," गजा म्हणाला. "पन आदी ठरवा, पानी वरून येतंय का खालून. खालून असंल तर आमचं. वरून असंल तर आमचा काय संबंद नाय."

"ते ठरवण्यासाठीच तर तुला बोलावलं."

"मंग ठरलं की सांगा," म्हणून गजा चहा पिऊन गेला.

वरून की खालून, हे ठरवण्याचा एक मार्ग पद्माकरला माहीत होता आणि तो निर्णायक होता. मधे एकदा त्याला डबक्यात हिरवा, पातळ कपटा तरंगताना सापडला होता. शेवाळ, म्हणजे पाणी बरेच दिवस अंधाऱ्या टाकीत साठलेलं असणार, म्हणजे रेडिएटर, असा तर्क त्यानं वहीत मांडला होता. अंधारात शेवाळ वाढत नाही हे तो नववीला दरवर्षी शिकवायचा, पण हे त्याला त्या वेळी आठवलं नाही. आता त्यानं शाळेच्या प्रयोगशाळेतून लाल शाईची पूड आणली, ती पाण्यात कालवून सोमवारी सकाळी नरसाळ्यानं रेडिएटरमध्ये ओतली आणि तो एस.टी. पकडायला धावला. डबकं लाल झालं तर रेडिएटर. नाही झालं तर गजा.

संध्याकाळी डबकं गुलाबी होतं.

पद्माकरनं ते परीक्षानळीत भरलं, उजेडाकडे धरलं आणि आईला दाखवलं. "बघ. सिद्ध झालं."

"हा रंग—" अंबूबाई म्हणाल्या.

"हा रंग मी सकाळी वरून घातला, आणि संध्याकाळी खाली आला. याला पुरावा म्हणतात, आई."

अंबूबाईंनी पुराव्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि त्या भाकरी उलटायला गेल्या.

खालापूरच्या स्टँडजवळ ताडपत्रीखाली धाकलू मिस्त्री बसायचा. रविवारी येऊन त्यानं रेडिएटर उतरवला, उरलेलं लाल पाणी बादलीत काढलं, रेडिएटर गोणपाटात गुंडाळला आणि "उद्या घेऊन या मास्तर, मला आज हळदीला जायचंय" म्हणून निघून गेला. सोमवारी सातच्या एस.टी.त पद्माकर ते गोणपाट मांडीवर घेऊन बसला. रेडिएटरच्या नळ्यांत पाणी किती राहतं याची त्याला कल्पना नव्हती. चौक गावाच्या आधीच गोणपाटातून लाल थेंब टपकायला लागले.

शेजारची बाई हळूच उठून मागे गेली. मग तिच्या मागची उठली. कंडक्टर धाऊ पुढे आला आणि त्यानं खालच्या थारोळ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"मास्तर," तो खालच्या आवाजात म्हणाला, "काय कापलंत?"

"रेडिएटर आहे. मोटारीचा."

"आन् रगात?"

"शाई आहे."

"मोटारीत शाई?"

"मीच घातली."

धाऊनं गोणपाट उघडून खात्री करून घेतली. मग दुसरा प्रश्न उभा राहिला: तिकीट कशाचं फाडायचं? त्याच्याजवळच्या तक्त्यात बकरी होती, सायकल होती, भाताची गोण होती. रेडिएटर नव्हता. यंत्र म्हणावं तर परवाना लागेल की काय, ही धास्ती. गाडी दोन मिनिटं थांबली. शेवटी त्यानं विचारलं, "यात पानी ऱ्हातं ना?"

"राहतं. म्हणजे राहायला हवं."

"मंग भांडं," असं म्हणून त्यानं घरगुती भांड्याचं तिकीट फाडलं. पद्माकरच्या वर्गातली दोन मुलं त्याच एस.टी.त होती. पहिल्या तासाला फळ्यावर कुणीतरी सुबक अक्षरात "सर, तांब्या कुठंय?" असं लिहिलं होतं.

दुपारच्या सुटीत तो धाकलूकडे गेला. धाकलूनं रेडिएटरची तोंडं बंद केली, तो पाण्याच्या टाक्यात बुडवला आणि हवा मारली. एक बुडबुडा आला नाही.

"हा गळत नाय, मास्तर."

पद्माकरनं वही काढली. बारा दिवसांची मापं, उताराची आकृती, गुलाबी पाण्याची नोंद. धाकलूनं हात पुसले, वही आदरानं धरली, पानं उलटली.

"लय बेस लिवलंय. पन मला कथलाचा डाख रेडेटरला द्यायचाय, वहीला नाय."

"हवा कमी पडत असेल. दाब वाढवून बघ."

"जुनं पितळ हाय हो, विलायती. नाय सोसायचं."

"प्रयोग अर्धवट सोडता येत नाही, धाकलू."

धाकलूनं ट्रकच्या चाकाची हवेची नळी लावली. टाक्यात आधी काही झालं नाही, मग एक जाड बुडबुडा आला, आणि मग खालच्या सांध्यातून सगळं टाकं उकळल्यासारखं खदखदायला लागलं.

"आता गळतोय," धाकलू म्हणाला.

त्याच्या आवाजात उपहास नव्हता, त्यानं फक्त नोंद केली होती; आणि तेच पद्माकरला जास्त लागलं. डाख देऊन बुधवारी बसवून देतो, पण सांधा म्हातारा आहे, थोडं पाझरलं तर मला बोलायचं नाही, असं धाकलूनं बजावलं.

संध्याकाळी पद्माकर मोकळ्या हातानं कर्जतला उतरला, आळीत वळला आणि थांबला.

गाडीखाली पाणी होतं. एक फूट दहा इंच. गुलाबी.

रेडिएटर खालापुरात होता. गाडीच्या पोटात पाणी राहील अशी दुसरी जागा नव्हती. पद्माकर ओट्यावर बसला. वही त्यानं उघडली नाही. त्यात आईनं एक पोस्टकार्ड आणून दिलं. नातू झाला, सगळं सुखरूप, पाडव्याची वाट न बघता गुरुवारी संध्याकाळच्या गाडीनं येतो, असं कुंटे रेंजरांनी लिहिलं होतं. शेवटी एक ओळ होती: गाडी ठीक असेलच.

मंगळवारी संध्याकाळी त्यानं नव्या सिद्धांतावर काम सुरू केलं. रंग रेडिएटरचा नाही, तर कुणाचा? आळीत तांबडा रंग निर्माण करणारे दोन-चार लोक होते आणि सगळे पान खायचे. पानाचा रंग असेल तर चुन्यानं तो आणखी गडद व्हायला हवा. त्यानं नागूअण्णांची चुन्याची डबी मागितली.

"तंबाखू धरलास?" त्यांनी आनंदानं विचारलं.

"प्रयोग आहे."

परीक्षानळीतल्या गुलाबी पाण्यात बोटभर चुना पडला. पाणी गडद झालं नाही. ते पिवळं झालं, हळदीच्या पाण्यासारखं स्वच्छ पिवळं. शाई नव्हे, शाईवर चुन्याचा असा परिणाम होत नाही. पान नव्हे. चुन्यानं पिवळा होणारा तांबडा रंग वनस्पतीचा असतो, हे त्याला पाठ होतं. कुठली वनस्पती, हे तेवढं पाठ नव्हतं. त्या विचारातच तो जेवायला बसला.

ताटात भात होता आणि भातावर लाल माठाची भाजी. भाजीच्या कडेनं भात गुलाबी झाला होता.

पद्माकरनं घास खाली ठेवला. खिशातून नागूअण्णांची डबी काढली आणि गुलाबी भाताला चुना लावला.

"अरे, जेवणात काय करतोस?"

भात पिवळा झाला.

"आई, ही भाजी कुणाची?"

अंबूबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "जनाची. वाडीवरून येते ती. सकाळी दहाला येते, चारला जाते. गाडीखाली सावली असते, तिथं पाट्या सरकवते आणि वरून पाणी शिंपडते. भाजी तोडल्यासारखी राहते. लाल माठ पहिल्यांदा आणला तो तू शाई ओतलीस त्याच सोमवारी. तूच म्हणालास परवा, आपल्याकडचा माठ किती ताजा."

"तू मला सांगितलं नाहीस!"

"दोनदा सांगायला आले. एकदा तू मोजत होतास. एकदा नळी धरून सिद्ध करत होतास. शिकलेल्या माणसानं सिद्ध केल्यावर मी काय बोलायचं? मला वाटलं, तिचं पाणी वेगळं, गाडीचं वेगळं." मग त्यांनी ताटाशेजारची चुन्याची डबी उचलून बाजूला ठेवली. "आणि रेंजरांनी तिला दोनदा उठवली होती तिथून. दुसऱ्यांदा पाटीला पाय लावला. ते नागपूरला गेले, तेव्हा मीच तिला म्हटलं, बस बाई. पाणीही आपल्याच पिंपातलं देते. तू म्हणाला होतास, गाडीला कुणी हात लावायचा नाही. हात ती लावत नाही."

पद्माकर उठून नागूअण्णांकडे गेला. डबी परत करायचं निमित्त होतं.

"जना? बसते की," नागूअण्णा म्हणाले. "आख्ख्या आळीला माहीत आहे."

"मग मला बोलला का नाहीत?"

"तू काय विचारलंस? इंजिन गळतं का. इंजिनाचं मी सांगितलं. भाजीचं विचारलं असतंस तर भाजीचं सांगितलं असतं."

पद्माकरनं डबी परत केली. बारा दिवस त्यानं आळीतल्या प्रत्येकाला गाडीतून पाणी का गळतं हे विचारलं होतं. गाडीखाली पाणी कसं येतं, हे एकालाही विचारलं नव्हतं.

बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो दुपारच्या एस.टी.नं धाकलूला घेऊन आला. आळी उन्हात तापली होती. आख्ख्या अंगणात सावलीचा एकच तुकडा होता, गाडीएवढा. त्यात दोन पाट्या होत्या, आणि मागच्या चाकाला टेकून जना बसली होती. हातात तुपाचा रिकामा डबा, तळाला खिळ्यानं भोकं पाडलेली. दोघांना बघून ती उठली आणि पाट्या ओढायला लागली.

"राहू दे," पद्माकर म्हणाला. "मला फक्त विचारायचंय. रविवारी का येत नाहीस?"

"आयतवारी नेरळला बसते. माथेरानची माणसं उतरत्यात." ती त्याच्या हातातल्या वहीकडे संशयानं बघत होती. "नाव लिवता का माजं?"

"नाही, नाही." त्यानं वही पाठीमागे घेतली. "इथं गाडीखालीच का पण?"

"गाडीखाली कुटं? माजी आय हितंच बसायची, जांबळीखाली. तवा मी अशी एवढी. रेंजरनं झाड पाडलं नि गाडी आनली. सावली हितंच ऱ्हायली, मी पन हितंच ऱ्हायले." मग तिनं विचारलं, "रेंजर कदी येनार?"

"उद्या."

"मंग मी उद्या लवकर जाते," असं म्हणून तिनं डबा पाटीत ठेवला.

धाकलूनं रेडिएटर बसवला. बसवताना तो दोनदा विनाकारण हसला. पाणी भरल्यावर खालचा सांधा, सांगितल्याप्रमाणे, पाझरला. पद्माकरनं घड्याळ लावून मोजलं: मिनिटाला तीन थेंब.

गुरुवारी संध्याकाळी कुंटे रेंजर टांग्यातून उतरले. ट्रंक उतरायच्या आधी त्यांनी गाडीखाली पाहिलं. मधोमध, मागच्या चाकांकडे, वाळत आलेला ओला डाग होता आणि त्यात माठाचं एक पान. पुढे, नाकाखाली, लहानसं नवं डबकं.

"हे काय?" रेंजर म्हणाले. "मी गेलो तेव्हा जमीन कोरडी होती. ती भाजीवाली परत बसायला लागली की काय? तसं असेल तर उद्याच कुंपण घालतो मी. काटेरी तार आणतो."

अंबूबाई दारात उभ्या होत्या. नागूअण्णा तंबाखू मळत होते. त्यांचा अंगठा थांबला.

पद्माकर आयुष्यात चुकीचं निरीक्षण सांगून मोकळा झाला नव्हता. त्यानं क्षणभर विचार केला आणि बरोबर असलेलंच निरीक्षण सांगितलं.

"रेडिएटर गळतो, साहेब. खालच्या सांध्यातून. मिनिटाला तीन थेंब. अंगणाला मागे उतार आहे, वीस फुटांत दोन इंच. सगळं वहीत आहे."

रेंजर वाकले. त्याच वेळी एक थेंब त्यांच्यासमोर पडला. ते बघत राहिले. वीस सेकंदांनी दुसरा पडला.

"शास्त्राचे माणूस म्हणून दिली होती तुमच्याकडे," ते सरळ होत म्हणाले. "एवढी एक गाडी सांभाळता येऊ नये?"

पद्माकरनं मान खाली घातली. आळी बघत होती. चंद्राबाईंची सूनही बघत होती.

"नव्या रेडिएटरला मुंबईला लिहावं लागेल," रेंजर म्हणाले. "कधी मिळेल देव जाणे. तोवर उभीच राहू दे. आणि तार नको मग. पाणी गाडीचंच आहे तर." ते ट्रंकेमागोमाग आत गेले.

नागूअण्णांनी तंबाखू तोंडात टाकली. "इंजिन म्हटलं की गळणारच," ते आत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले.

शुक्रवारी सकाळी सातच्या एस.टी.साठी निघताना पद्माकर उंबऱ्यात थांबला.

"आई, जनाला सांग, रेंजर दुपारी एक ते चार झोपतात. आली तर त्या वेळात ये म्हणावं. आणि पाट्या पुढच्या चाकांच्या मधे ठेव. मागे शिंपडलं तर वाटेतली जमीन कोरडी राहते, उताराचा हिशेब चुकतो."

"एवढंच ना?"

"आणि या आठवड्यात लाल माठ नको. पालक, मेथी, काहीही चालेल. हिरवं."